जुनी हार्ड डिस्क : जोडणी आणि जपणूक



आपल्याकडच्या जुन्या घरांत माळ्यावर किंवा एखाद्या कोनाड्यात फडक्यात बांधलेले दप्तर सापडते. कागद दणकट असतो, शाई काळीभोर असते, एक अक्षरसुद्धा पुसलेले नसते. आणि तरीही घरातल्या कोणाला ते वाचता येत नाही, कारण मजकूर मोडीत असतो. जमिनीच्या वाटणीचा कागद आहे की किराणा मालाचा हिशेब, एवढे कळण्यासाठीही मोडी जाणणारा माणूस शोधत तालुक्याला नाहीतर जिल्ह्याला जावे लागते. कागद टिकला, पण वाचणारा टिकला नाही, अशी ही गत.

आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे तिची गतही हळूहळू अशीच होऊ लागली आहे. ही वस्तू म्हणजे जुन्या संगणकातली हार्ड डिस्क. सन २००० च्या आगेमागे आपल्या शाळांत, ग्रामपंचायतींत, पतपेढ्यांत आणि वाचनालयांत संगणक आले. दहाबारा वर्षे त्यांनी काम केले. मग नवे आले आणि जुने कपाटात, नाहीतर जिन्याखाली गेले. त्यांच्या पोटात काय काय आहे याची यादी आज कोणाजवळ नाही. शाळेच्या हस्तलिखिताचे अंक असतील, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे असतील, गावातल्या विहिरींची नोंद असेल. एखाद्या हौशी शिक्षकाने गावातल्या म्हाताऱ्या बायकांना बसवून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या असतील, आणि त्या गाणाऱ्या आजीबाई आता हयात नसतील.

ओव्यांचे मोल आपल्याला सांगायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या खेडोपाडी हिंडून आपल्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तो संग्रह पुढे संगणकावर आला आणि आज कोणालाही इंटरनेटवर वाचता-ऐकता येतो. पण प्रत्येक गावातला लहानसा संग्रह इतका भाग्यवान नसतो. तो एका डिस्कवर असतो, ती डिस्क एका संगणकात असते आणि तो संगणक भंगारात निघण्याच्या बेतात असतो.

तेव्हा आजचा प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. अशी डिस्क हाती आली तर ती कशी जोडावी, तिच्यातला मजकूर सुखरूप बाहेर कसा काढावा, आणि हे करताना काय मुळीच करू नये? हे काम अवघड नाही. स्क्रू ड्रायव्हर धरता येणाऱ्या आणि घाई न करणाऱ्या कोणालाही ते जमते.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. हार्ड डिस्क म्हणजे एका बंद धातूच्या डबीत फिरणाऱ्या, आरशासारख्या गुळगुळीत चकत्या. त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर असतो आणि मजकूर त्या थरात चुंबकीय खुणांच्या रूपाने लिहिलेला असतो. आय. बी. एम. कंपनीने १९५६ मध्ये अशी पहिली यंत्रणा बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या, आणि एवढ्या मोठ्या धुडात मावत होती सुमारे ५० लक्ष अक्षरे. १९८० मध्ये सीगेट कंपनीची सव्वापाच इंची डिस्क आली. टेबलावरच्या लहान संगणकात बसेल अशी. तिची क्षमता ५ मेगाबाइट. पुढच्या वीस वर्षांत क्षमता हजारो पटींनी वाढली, आणि आपल्या शाळांत जे संगणक आले त्यांत २०, ४० किंवा ८० गिगाबाइटची, साडेतीन इंची म्हणून ओळखली जाणारी डिस्क असे.

ही चकती मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते. वाचणारे टोक, ज्याला हेड म्हणतात, ते चकतीला टेकत नाही. हवेच्या झोतावर तरंगत राहते. चकती आणि हेड यांच्यामधले अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी असते. आता विचार करा, खडूच्या धुळीचा एक कण त्या फटीत शिरला तर काय होईल? भरधाव मोटारीपुढे रस्त्यात धोंडा यावा तसे होईल. म्हणून पहिला दंडक हा की डबी कधीही उघडू नये. झाकणावर एक बारीक छिद्र असते, ते हवेच्या दाबासाठी ठेवलेले असते. त्यावर चिकटपट्टी लावू नये. आणि डिस्क चालू असताना ती हलवू नये, आपटू नये. वीज बंद केल्यावरही अर्धा मिनिट थांबावे, चकत्या थांबू द्याव्यात, मगच हात लावावा.

दुसरा दंडक हेतूविषयी आहे. पंधरावीस वर्षे पडून राहिलेली डिस्क पुन्हा रोजच्या वापरात घेण्यासाठी जोडायची नाही. ती जोडायची एकदा, नीट, आणि तिच्यातले सगळे उतरवून घेण्यासाठी. अशी डिस्क चालू होईल, तास दोन तास चालेल आणि मग कायमची बसेल, असे घडू शकते. तेव्हा उतरवून घेण्यासाठी पुरेशी मोकळी जागा, म्हणजे नवी डिस्क किंवा मोठा पेन ड्राइव्ह, आधी हाताशी ठेवावा आणि मगच जुन्या डिस्कला वीज द्यावी. ४० गिगाबाइटची अख्खी डिस्क आज ६४ गिगाबाइटच्या, अंगठ्याएवढ्या पेन ड्राइव्हवर मावते. त्यामुळे खर्चाची सबब राहत नाही.

आता ओळख. संगणकाची वीज बंद करून, तार भिंतीतून काढून, कॅबिनेटची बाजू उघडा. हाताने आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. कोरड्या हवेत, नायलॉनचे कपडे घातले असतील तर हे विसरू नये. मग डिस्कच्या मागच्या बाजूला पाहा. दोन ओळींत मिळून चाळीसएक पिना आणि त्यांना जोडलेली दोन बोटांहून रुंद, चपटी पट्टीसारखी केबल दिसली, तर ती जुन्या पद्धतीची डिस्क. तिला आय. डी. ई. म्हणतात, ए. टी. ए. म्हणतात, अलीकडे पाटा असेही म्हणतात. नावे तीन, वस्तू एकच. वेस्टर्न डिजिटल आणि कॉम्पॅक या कंपन्यांनी १९८६ च्या सुमारास ही पद्धत आणली. त्याआधी डिस्कचे नियंत्रण करणारे मंडल संगणकात वेगळ्या कार्डावर असे. ते डिस्कच्याच पाठीवर बसवले, हा तिचा विशेष. केबल जर बोटाहून अरुंद असेल आणि डिस्कवर इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची खाच असेल, तर ती २००३ पासून आलेली साटा पद्धतीची डिस्क समजावी.

जुन्या पद्धतीची जोडणी जरा समजावून घ्यावी लागते. तिच्यात तीन गोष्टी येतात: चपटी केबल, विजेचा प्लग आणि जम्पर नावाची इवलीशी टोपी.

केबलच्या एका काठावर बहुधा लाल रेघ असते. ती रेघ म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या पिनेची खूण. बहुतेक डिस्कांवर पहिली पिन विजेच्या प्लगाच्या बाजूला असते. म्हणून लाल काठ विजेच्या बाजूला, एवढे लक्षात ठेवले की काम भागते. खात्रीसाठी आणखी दोन खुणा आहेत. डिस्कवर मधली एक पिन, विसाव्या क्रमांकाची, मुद्दाम ठेवलेली नसते, आणि बऱ्याच केबलांत तिच्या जागचे भोक बुजवलेले असते. शिवाय केबलच्या टोकाला एक उंचवटा असतो, तो डिस्कवरच्या खाचेत बसतो. जुन्या साध्या केबलींना या खुणा नसतातही. केबल उलटी बसली तर सहसा डिस्क बिघडत नाही, पण संगणकाला ती दिसत नाही आणि समोरचा लाल दिवा लागला की विझतच नाही. असे दिसले तर वीज बंद करून केबल तपासावी. केबल बसवताना आणि काढताना सरळ दाबावी, सरळ ओढावी. तिरपी केली की पिना वाकतात. वाकलेली पिन बारीक चिमट्याने, एकदाच आणि हलक्या हाताने सरळ करावी. पुन्हा पुन्हा वाकवली तर ती तुटते.

केबलीही दोन जातींच्या आहेत. आधीची ४० तारांची, आणि साधारण १९९९ नंतरची ८० तारांची. टोके दोन्हींची ४० पिनांचीच. वाढीव ४० तारा सिग्नलच्या तारांमध्ये आडोशासारख्या घातलेल्या असतात, म्हणजे वेग वाढला तरी एका तारेतला संदेश शेजारच्या तारेत मिसळत नाही. ८० तारांच्या केबलीची टोके रंगीत असतात: निळे टोक मदरबोर्डाकडे, काळे टोक पहिल्या डिस्ककडे, आणि मधले करडे टोक दुसऱ्या डिस्ककडे. या केबलीची लांबी १८ इंचांपर्यंत असावी असा नियम आहे. त्याहून लांब केबल बाजारात मिळाली तरी घेऊ नये.

मघाशी पहिली डिस्क आणि दुसरी डिस्क असे म्हटले. एका चपट्या केबलीवर दोन उपकरणे जोडता येतात. एका जुवाला दोन बैल जुंपले तर हाक मारताना कोणता बैल ते सांगावे लागते, तसेच इथे. कोणते उपकरण कोणत्या नावाने ओळखायचे हे जम्पर ठरवतो. डिस्कच्या पाठीमागे केबल आणि विजेचा प्लग यांच्या दरम्यान आठदहा लहान पिना असतात, त्यांपैकी दोन पिनांवर बसणारी ही टोपी. कोठे बसवली म्हणजे काय होते याचे चित्र डिस्कच्या लेबलावरच छापलेले असते. लेबल बारीक टाइपाचे असते. विजेरी आणि गरज पडल्यास भिंग घ्यावे, पण ते वाचावे. दर कंपनीची मांडणी निराळी, त्यामुळे एकीची दुसरीला लागू करू नये.

या दोन नावांनी पुष्कळांचा घोटाळा केला आहे. ती नावे आहेत मास्टर आणि स्लेव्ह. म्हणजे धनी आणि दास. त्यावरून वाटते की पहिली डिस्क दुसरीवर हुकूम चालवते. तसे मुळीच नाही. प्रत्येक डिस्कच्या पाठीवर तिचे स्वतःचे नियंत्रण मंडल आहे, कोणी कोणाची नोकर नाही. तांत्रिक नियमांच्या ग्रंथात तर त्यांना उपकरण शून्य आणि उपकरण एक एवढेच म्हटले आहे. हे नुसते घरांचे क्रमांक आहेत. एका आळीत दोन घरांना एकच क्रमांक दिला तर पत्र कोणाला द्यायचे ते पोस्टमनला कळत नाही. दोन डिस्कांचे जम्पर सारखे ठेवले तर नेमके तेच होते, आणि एखादे वेळी दोन्ही डिस्का दिसेनाशा होतात. जम्परची तिसरी जागा केबल सिलेक्ट नावाची असते. ती निवडली तर क्रमांक केबलीवरच्या जागेवरून ठरतो. पण मग केबल त्याला योग्य हवी आणि दोन्ही उपकरणे तशीच लावलेली हवीत. वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कांत आणखी एक गोष्ट आहे: डिस्क एकटीच असेल तर एक मांडणी आणि दुसरीबरोबर धनी असेल तर निराळी मांडणी. एकटीला दुकटीची मांडणी दिली की संगणक सुरू होताना नसलेल्या जोडीदाराची वाट पाहत राहतो.

या साऱ्या भानगडीतून सुटण्याची एक सोपी वाट आहे, ती शिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. ज्या चालू संगणकात डिस्क वाचायची, त्यात सीडीचे यंत्र बहुधा वेगळ्या, दुसऱ्या केबलीवर असते. ती केबल आणि तो विजेचा प्लग सीडीच्या यंत्रातून काढून जुन्या डिस्कला लावावा, आणि तिचा जम्पर एकट्या धन्याच्या जागी ठेवावा. त्या संगणकाची स्वतःची डिस्क आपल्या पहिल्या केबलीवर जशीच्या तशी राहते. दोघींचा एकमेकींशी संबंध येत नाही आणि काम झाल्यावर सगळे पूर्ववत करता येते. सुरुवात करण्यापूर्वी आहे त्या जोडणीचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे, म्हणजे नंतर आठवणीवर विसंबावे लागत नाही.

विजेच्या प्लगात चार तारा असतात: पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि मधल्या दोन काळ्या. प्लगाचे दोन कोपरे तासलेले असतात, ते जुळवूनच तो आत जातो. जात नसेल तर जोर लावू नये, उलटा धरला आहे का ते पाहावे. इथे मात्र क्षमा नाही. उलटा प्लग रेटून बसवला तर ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि मंडल जळते. लॅपटॉपमधल्या अडीच इंची जुन्या डिस्कला वेगळा प्लग नसतो. तिच्या ४४ पिनांतूनच वीज मिळते. तिच्या शेजारी जम्परच्या चार पिना थोड्या अंतर सोडून असतात, केबल चुकून त्यांच्यावर बसवू नये.

डिस्क कॅबिनेटमध्ये कायम बसवायची असेल तर दोन्ही बाजूंनी दोन दोन असे चार स्क्रू लावावेत. स्क्रू आखूड हवेत. लांब स्क्रू आत जाऊन मंडलाला इजा करू शकतो. आपले काम एकदाच वाचण्याचे असले तर डिस्क लाकडी फळीवर किंवा जाड पुठ्ठ्यावर सपाट ठेवली तरी चालते. फक्त तिच्या पोटातले उघडे मंडल धातूला टेकता कामा नये, आणि ती लोंबकळत ठेवू नये.

जोडणी झाली. आता वीज द्या आणि कान द्या. चकत्या वेग घेतानाचा चढता आवाज आणि त्यानंतर हलकी किरकिर, हे निरोगी डिस्कचे लक्षण. ठरावीक अंतराने टक्, टक् असा आवाज येत राहिला तर हेड आपली जागा शोधत आहे आणि त्याला ती सापडत नाही असे समजावे. ताबडतोब वीज बंद करावी. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने चकतीवरचा थर खरवडला जातो. अशी डिस्क फ्रिजमध्ये ठेवावी, तिला टपली मारावी, असे तोडगे सांगणारे भेटतात. ते ऐकू नयेत. थंड डिस्कवर दमट हवेतले पाणी धरते. मजकूर खरोखरच मोलाचा असेल तर अशी डिस्क जाणत्या प्रयोगशाळेकडे द्यावी, आणि आपण त्यात आणखी बिघाड करून ठेवू नये.

संगणक सुरू होताना बायोस नावाची आरंभीची व्यवस्था जोडलेल्या डिस्कांची हजेरी घेते. तिथे डिस्कचे नाव आणि क्षमता दिसली की अर्धे काम झाले. कपाटातला जुना संगणकच चालवत असाल, तर मदरबोर्डावरची रुपयाएवढी ३ व्होल्टची बॅटरी बहुधा संपलेली असते. मग तारीख भलतीच दिसते आणि ठरवून ठेवलेली मांडणी पुसली जाते. सी. आर. २०३२ क्रमांकाची नवी बॅटरी घालावी, बायोसमध्ये डिस्क ओळखण्याची पद्धत ‘ऑटो’ ठेवावी. आणि संगणकाने आधी आपल्याच डिस्कवरून सुरू व्हावे, जुन्या डिस्कवरून होऊ नये, असा क्रम लावावा.

डिस्क दिसली पण क्षमता कमी दाखवली, तर घाबरू नये. जुन्या संगणकांना मोठे आकडे मोजता येत नसत. काहींची मजल ५२८ मेगाबाइटपर्यंत, काहींची ८.४ गिगाबाइटपर्यंत, आणि त्यानंतरच्या पुष्कळांची १३७ गिगाबाइटपर्यंत. ही मर्यादा डिस्कची नाही, मोजणाऱ्याची आहे. पायलीने मोजणाऱ्याला कोठारातले सगळे धान्य मोजता आले नाही, म्हणून धान्य कमी होत नाही. मात्र अशा संगणकावर मोठ्या डिस्कवर काही लिहू गेले तर आहे तो मजकूर बिघडू शकतो. ती डिस्क नव्या संगणकावरच वाचावी.

साटा डिस्कची गोष्ट सोपी. एका केबलीला एकच डिस्क, म्हणून धनी-दास हा प्रकारच नाही. सात संपर्कांची केबल मजकुरासाठी, पंधरा संपर्कांची विजेसाठी, आणि दोन्ही एकाच बाजूने बसतात. अडचण येते ती एवढीच, की विंडोज एक्सपीसारखी जुनी प्रणाली साटाच्या ए. एच. सी. आय. नावाच्या नव्या रीतीशी बोलू शकत नाही. तेव्हा बायोसमध्ये ती रीत बदलून आय. डी. ई. करावी लागते.

आणि ज्यांच्याकडे जुना चालू संगणक उरलेलाच नाही त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी यू. एस. बी.ला जोडायचे अडॅप्टर मिळते. एका बाजूला पाटा आणि साटा या दोन्हींच्या जागा, दुसऱ्या बाजूला साधी यू. एस. बी. केबल. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टही लागतात, ते यू. एस. बी.तून मिळत नाहीत. म्हणून विजेचा स्वतंत्र ठोकळा बरोबर असलेलेच अडॅप्टर घ्यावे. जम्पर मास्टरच्या जागी ठेवावा. आधी डिस्क जोडावी, मग ठोकळ्याची वीज द्यावी, चकत्यांनी वेग घेतला की शेवटी यू. एस. बी. केबल संगणकाला लावावी.

आता कसोटीचा क्षण. संगणक कधी कधी विचारतो: ही डिस्क फॉरमॅट करायची का? उत्तर एकच, नाही. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. त्याला डिस्कवरची मांडणी वाचता आली नाही म्हणून तो विचारतो. मजकूर नाही असा त्याचा अर्थ नव्हे. अशा वेळी लिनक्स प्रणाली असलेला पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू करावा आणि डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडावी. बऱ्याचदा सगळे फोल्डर समोर येतात. डिस्क उघडल्यावर निवड करत बसू नये. हे हवे, ते नको, हा विचार उतरवून घेतल्यावर शांतपणे करता येतो. चालू डिस्कचा वेळ त्यात घालवू नये. सगळे उतरवावे.

उतरवताना एक गोष्ट मराठी माणसाने विशेष जपली पाहिजे, आणि इथे आपण पुन्हा लिपीच्या प्रश्नाशी येतो. त्या काळात आपण मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती किंवा पुण्याच्या सी-डॅक संस्थेच्या आय. एस. एम. यांसारख्या प्रणालींवर टाइप करत होतो. युनिकोड त्या वेळी जन्मलेले होते, पण आपल्या रोजच्या टेबलावर पोचले नव्हते. या प्रणालींत देवनागरी अक्षर दिसे ते त्या त्या फॉण्टच्या जोरावर. आत साठवलेले असत ते निराळेच संकेत, आणि दर प्रणालीचे संकेत निराळे. तो फॉण्ट नसलेल्या नव्या संगणकावर तीच फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा खिचडा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते फाइल खराब झाली, आणि तो ती काढून टाकतो. गावाच्या पन्नास वर्षांच्या आठवणी केवळ या गैरसमजापायी नष्ट होऊ शकतात. म्हणून जुन्या डिस्कवरचा विंडोजच्या आतला फॉण्ट्स नावाचा फोल्डर मजकुराबरोबर अवश्य उतरवून घ्यावा. योग्य फॉण्ट बसवला की तोच खिचडा पुन्हा स्वच्छ मराठी होतो, आणि मग परिवर्तकाच्या साहाय्याने तो युनिकोडमध्ये नेता येतो. नेल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका तिथेच होतात.

उतरवलेल्या मजकुराच्या दोन प्रती कराव्यात आणि त्या दोन निराळ्या इमारतींत ठेवाव्यात. एक शाळेत, एक वाचनालयात. प्रत्येकीबरोबर साध्या कागदावर, शाईने, चार ओळी लिहून ठेवाव्यात: हे काय आहे, कोणी केले, कोणत्या साली, कोणत्या फॉण्टमध्ये. आणि वर्षातून एकदा, समजा प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास, दोन्ही उघडून पाहाव्यात. जुनी डिस्क भंगारात देण्यापूर्वी तिच्यावरची मुलांची नावे, जन्मतारखा, पालकांची माहिती नीट पुसून टाकावी; ती दुसऱ्याच्या हाती पडू देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शेवटी एक सुचवावेसे वाटते. हे काम शिक्षकांनी एकट्याने दार लावून करू नये. आठवीनववीची चार मुले बरोबर घ्यावीत. लाल रेघ त्यांना शोधू द्यावी, लेबलावरचे चित्र त्यांना वाचू द्यावे, जम्पर त्यांच्या हाताने बसू द्यावा. त्यांनी याआधी संगणकाचे पोट पाहिलेले नसते, आणि मोबाइलचे तर उघडतच नाही. मोडी वाचणारी शेवटची माणसे गावातून गेली तेव्हा आपण त्यांच्याजवळ बसून ती लिपी शिकून घेतली नाही. या बाबतीत अजून वेळ आहे. जोडणी जाणणारी माणसे हयात आहेत, केबली मिळतात, अडॅप्टर मिळते. येत्या सुट्टीत कपाट उघडा आणि आत किती डिस्का आहेत ते आधी मोजा.